अॅडव्हान्स देण्याआधी पायऱ्या मोजा

तारीख मोकळी आहे का, ताटाचा दर काय, गाड्या किती मावतील, बाहेरचा केटरर चालेल का. मंगल कार्यालय बघायला गेलेली घरची मंडळी एवढं सगळं विचारतात. पायऱ्या किती, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मग लग्नाच्या दिवशी आजी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका, व्हीलचेअर वापरणारी नवरीची मैत्रीण दारातच अडतात. चार पोरं धावत येतात, "अहो, उचलून नेतो की!" भावना चांगलीच असते. पण पैठणी नेसून आलेल्या बाईला चारचौघांत, परक्या हातांनी उचललं जाताना काय वाटत असेल, याचा विचार त्या घाईत होत नाही. शिवाय ते धोक्याचं आहे. अनेक व्हीलचेअरचे हात आणि पाय टेकायचे भाग काढता येण्याजोगे असतात. तेच धरून खुर्ची उचलली तर ते निखळून हातात येतात आणि माणूस पडतो.

१६ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत विराली मोदी यांचं लग्न झालं. दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या विराली स्वतः व्हीलचेअर वापरतात. खारचं विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सह्या घ्यायला कुणी खाली आलं नाही आणि आपल्याला उचलून वर न्यावं लागलं, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. ते सरकारी कार्यालय होतं म्हणून निदान बोभाटा झाला. खासगी मंगल कार्यालयांत पाहुणे 'चालतंय' म्हणून गप्प बसतात, किंवा पुढच्या लग्नाला येतच नाहीत.

'रॅम्प आहे' असं मॅनेजरनं सांगितलं तरी स्वतः जाऊन बघा. पुष्कळदा तो मागच्या दारी, सामानाच्या ट्रॉलीसाठी केलेला, अंगावर येणारा चढ असतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत उताराचं प्रमाण १:१२ दिलं आहे, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फुटी रॅम्प पुरतो. अडीच फूट उंच स्टेजला मात्र तीस फूट लागतात, आणि एवढी जागा स्टेजशेजारी क्वचितच मिळते. डेकोरेटर म्हणतो, "टाकतो की एक फळी." त्या फळीवरून खुर्ची मागे कलंडते, म्हणून फळीच्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा स्टेजच बुटकं घ्या. लॉनवर ते नव्यानंच बांधायचं असतं. एक फुटाचं सांगितलं की बारा फुटांत रॅम्पचं काम होतं. कार्यालयाचं पक्कं स्टेज उंच असेल तर विधी खाली हॉलमध्ये करता येतात. तेही जमत नसेल तर रिसेप्शनला नवरा-नवरीनं थोडा वेळ खाली उतरावं, ज्यांना वर येता येत नाही त्यांना भेटावं, आणि फोटोग्राफरला ते आधीच सांगून ठेवावं.

लॉनवर कार्पेटखालच्या गवतात चाक रुततं, काठीचं टोकही. गाडी थांबते तिथपासून बैठकीपर्यंत प्लायच्या चार फुटी फळ्या टाकून वर कार्पेट ताणून ठोकायला लावा.

स्वच्छतागृहाबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. तिथे जाणं अवघड आहे हे माहीत असलेली माणसं लग्नाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत, भर मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा. दाराच्या उंबऱ्याला चार इंचांची पायरी, आत भारतीय पद्धतीचं भांडं, ओली फरशी. दिव्यांगांसाठी वेगळं स्वच्छतागृह असलंच तर त्यात केटररची पातेली ठेवलेली. ते रिकामं करून घ्या, कमोडशेजारी धरायला दांडी आहे का बघा, फरशी पुसायला दिवसभर एक माणूस नेमा. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तीन फूट हवी. हे काहीच नसेल तर निदान तळमजल्यावरची, कमोड असलेली एक खोली अशा पाहुण्यांसाठी राखून ठेवा. ती खोली मानपानात व्याह्यांकडे जाऊ देऊ नका.

जेवणाचंही तसंच. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ताट, मग बुफेवर वाढून घ्यायला तिसरा हात कुठून आणायचा? आपल्याकडची टेबल-खुर्चीची पंगत या बाबतीत केव्हाही सरस. सगळ्यांसाठी नको असेल तर दोन-तीन टेबलं तरी ठेवा, वाढपी द्या, आणि घरातली माणसंही तिथेच जेवायला बसवा, म्हणजे जिलबीचा आग्रह करायला कुणीतरी असेल. व्हीलचेअरसाठी टेबलाची एक खुर्ची काढून ठेवायची. मुख्य हॉलमध्येही रांगेच्या मधली खुर्ची काढा. एकट्यानं कडेला बसून अक्षता टाकायला कुणालाच आवडत नाही.

पाटावर बसणं जमत नसेल तर गुरुजींना आधी सांगावं. आई-वडिलांनी खुर्चीवर बसून कन्यादान केलं म्हणून काही अडत नाही.

यातलं कुणाला काय लागेल हे आपण अंदाजानं ठरवू नये. पत्रिका देतानाच सरळ विचारावं, "तुम्हाला पायऱ्या जमतील का? काय सोय करू?" असं विचारलं तर राग येत नाही, उलट लोक हायसं वाटून नेमकं सांगतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लोकांसाठी खुल्या असलेल्या खासगी इमारतीही येतात, त्यामुळे कार्यालयवाल्याकडे सोय मागताना संकोच करू नका. रॅम्प, तळमजल्याची खोली, दिवसभर चालू राहणारी लिफ्ट, यातलं जे जे तो कबूल करेल ते अॅडव्हान्सच्या पावतीवर लिहून घ्या.