घर घेण्याआधी सरकारी मोजणी

आयुष्याची पुंजी घालून आपली माणसे पहिले घर घेतात. दलाल चार खुंट्या दाखवतो, त्यावर विश्वास ठेवतात. मूल तालुक्यातील बांधवांना आम्ही सांगतो : इसार देण्यापूर्वी सातबारा वाचा. 'झुडपी जंगल' अशी नोंद असेल तर थांबा. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा जमिनी वनजमीनच ठरविल्या आहेत. नोंद स्वच्छ असली तरी मालकाला भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायला लावा. शेजाऱ्यांना नोटीस जाते, हद्दीच्या खुणा दाखविल्या जातात, नकाशाची 'क' प्रत मिळते. रजिस्ट्रीत दस्त नोंदला जातो, जागा मोजली जात नाही. मोजणीची फी जड वाटेल. पण उद्या बांधलेली भिंत पाडणे त्याहून जड. आधी 'क' प्रत, मगच उरलेली रक्कम.