कागदावरच्या तीन ओळी

परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या औषधांच्या दुकानांतली गर्दी कधी ओसरत नाही. एका नातलगाची औषधं घ्यायला मी रांगेत उभी होते. पुढच्या काकांच्या हातातली चिठ्ठी सहज दिसली. व्हिन्क्रिस्टिन इंजेक्शन, १ मिलिग्रॅम. रुग्ण : राणी, वय १२, वजन २८ किलो. एवढ्याशा पोरीला कॅन्सर, या विचाराने पोटात कालवलं. मग खालचा शब्द वाचला : लॅब्राडोर.

काका महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. “लिम्फोमा आहे. जबड्याखाली गाठी आल्या होत्या. दीड लाख सांगितलेत,” ते म्हणाले. पायरी उतरताना पुन्हा म्हणाले, “दीड लाख.” आवाजात तक्रार नव्हती. एखादा पाठ मुलांना समजला की नाही हे बघायला शिक्षक तो पुन्हा वाचतो, तसे ते तो आकडा पुन्हा पुन्हा वाचत होते. त्यासाठी त्यांनी एफडी मोडली होती, हे मला नंतर कळलं.

त्या आकड्यामुळेच मी राणीच्या दवाखान्यात जाऊन बसायला लागले. दादरच्या एका गल्लीत, तळमजल्यावर. आत शिरताच स्पिरिटच्या वासात उकडलेल्या कलेजीचा वास मिसळलेला असतो, कारण केमोच्या दिवशी प्रत्येक जण घरून डबा आणतो.

सकाळी रक्त घेतात. पांढऱ्या पेशी पुरेशा नसतील तर त्या दिवशीचं इंजेक्शन रद्द होतं आणि मंडळी परत जातात. पुरेशा असतील तर वजन करून हिशेब सुरू होतो. केमोचा डोस नुसत्या किलोवर ठरत नाही, शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो. २८ किलोची राणी भरते ०.९३ चौरस मीटर. तिला व्हिन्क्रिस्टिन लागतं साधारण ०.६५ मिलिग्रॅम. औषध माणसांचंच, कुपी माणसांचीच, आणि ते निघतं आपल्या कुंडीतल्या सदाफुलीपासून. कुपीत उरलेलं औषध टाकून द्यावं लागतं. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध मात्र जास्त महाग. त्याची ५० मिलिग्रॅमची कुपी फोडली की राणीला २८ पुरतात. म्हणून डॉक्टर मॅडम दोन कुत्र्यांचे ‘लाल दिवस’ एकाच तारखेला लावतात आणि कुपीचा खर्च दोन घरांत वाटून देतात. वहीत त्या तारखा लाल शाईने लिहिलेल्या मी पाहिल्या. सगळ्या दवाखान्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट ती वही.

आणि तिथला मदतनीस. मूळचा राजापूरकडचा, चाळिशीचा, झाडलोटीच्या कामावर आलेला. आता केमोच्या टेबलावर त्याच्याशिवाय सुई लागत नाही. दोन हातमोजे एकावर एक, अंगात एप्रन, डोळ्यांवर चष्मा. राणीचा पुढचा पाय कोपरामागून धरून तो अंगठा किंचित बाहेरच्या बाजूला वळवतो आणि शीर वर येते. मागच्या वेळी डावा पाय झाला असेल तर आज उजवा, हे त्याला वही न बघता आठवतं. व्हिन्क्रिस्टिन शिरेतच जायला हवं. थोडं जरी बाहेर झिरपलं तरी तिथलं मांस सडतं. म्हणून आधी सलाइन ढकलून सुई नीट बसल्याची खात्री, मग औषध, मग पुन्हा सलाइन. औषध जायला फार वेळ लागत नाही, पण तेवढ्या वेळात राणीने अंग झटकलं तर संपलं. तो तिच्या कानाशी सतत बोलत असतो. मालवणीत, हळू, गावच्या पावसाबद्दल. ती त्याच्या दंडावर हनुवटी टेकते. टेबलावरून उतरवल्यावर तो काकांबरोबर आलेल्या काकूंना बजावतो, “दोन दिवस तिची शी-शू हातमोजे घालून काढायची, काकू. भरपूर पाणी ओतायचं.”

त्याचा पगार महिना सतरा हजार. दीड लाख म्हणजे त्याचे जवळजवळ नऊ महिने. हा हिशेब माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून शेवटी त्याला विचारलंच. या खर्चाचा राग येत नाही का?

तो टेबल पुसत होता. म्हणाला, “माझी आई आजारी होती तेव्हा कोणी असा कागद लिहून दिला नाही. आज पाच हजार आणा, उद्या दहा आणा. शेवटी किती झाले ते आम्हाला ती गेल्यावर कळलं. ती वाचणार नव्हती, तेही तेव्हाच कळलं.”

तो ज्या कागदाबद्दल बोलत होता, तो मॅडम पहिली सुई लावण्याआधी निळ्या पेनने लिहितात. तीन ओळी असतात. पहिली : चार औषधांचा पूर्ण कोर्स, सुमारे पाच-सहा महिने, दीड लाख, साधारण एक वर्षाचं आयुष्य. दुसरी : फक्त डॉक्सोरुबिसिन, तीन-तीन आठवड्यांनी, खर्च निम्म्याहून कमी, साधारण सहा ते आठ महिने. तिसरी : फक्त प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या, गोळ्या, महिन्याला काहीशे रुपये, एक ते तीन महिने. काहीच केलं नाही तर बहुतेक कुत्री महिना-दीड महिन्यात जातात, हेही तोंडी सांगतात. आणि ‘बरं होणं’ हा शब्द त्या वापरत नाहीत. कुत्र्यांच्या लिम्फोमात गाठी विरतात, कुत्रं पुन्हा जिना चढतं, जेवतं. पण आजार बहुधा परततो. म्हणून डोसही बेताचे ठेवलेले असतात. उरलेले दिवस चांगले जावेत, एवढंच त्यातून साधायचं असतं.

निर्णय मात्र लवकर घ्यावा लागतो. “आधी गोळ्या देऊन बघू, मग केमोचं ठरवू” असं बरेच जण म्हणतात. पण एकट्या स्टेरॉइडला पेशी सरावल्या की पुढची औषधं नीट लागू पडत नाहीत. ठाण्याहून एक कुटुंब आलं होतं. आधीच्या एका दवाखान्यात गाठींचं निदान न करताच त्यांच्या कुत्र्याला महिनाभर अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड चालू होतं. साठ हजार खर्च झाले होते. सुईने गाठीतल्या पेशी काढून काचेवर बघायची तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती, आणि ती स्वस्तातली. त्या घरच्या आजोबांचा चेहरा मला विसरता येत नाही. पैसे गेल्याचं दुःख त्यात होतंच, पण कोणी खरं सांगितलं नाही याचा अपमान जास्त होता.

माणसांना उपचार मिळत नाहीत आणि हे कुत्र्याला केमो देतात, असं मी अनेकदा ऐकलं आहे. मला ते पटत नाही. काकांच्या एफडीने कोणाचीही खाट अडवलेली नाही. माणसाच्या कॅन्सरला महात्मा फुले योजना आहे, विमा आहे, आयकरात सवलत आहे, आणि तरी ते पुरत नाही. कुत्र्याच्या बाबतीत यातलं काहीच नाही. पाळीव कुत्र्यांचा विमा आपल्याकडे आता मिळतो, पण म्हातारं कुत्रं नव्याने त्यात बसत नाही, आणि कॅन्सर येतो तो बहुधा म्हातारपणीच. जे काय करायचं ते खिशातून, आणि शेजाऱ्यांचे टोमणे ऐकत.

परळलाच जनावरांचं बाई साकरबाई रुग्णालय १८८३ साली उभं राहिलं. टाटा मेमोरियल आलं १९४१ मध्ये. मुक्या जनावराच्या दुखण्यावर पैसा खर्च करणं या शहराला नवीन नाही.

तरी पहिली ओळ निवडणाराच खरा माया करणारा, असं मी कधीच म्हणणार नाही. राणीच्या गाठी विरल्या आहेत, कोर्स अर्ध्यावर आलाय, काका खूश आहेत. एके दिवशी कळव्याहून एक बाई चौदा वर्षांच्या स्पिट्झला घेऊन आल्या होत्या. सरकारी रुग्णालयात परिचारिका. मॅडमनी कागद पुढे केला, त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचल्याही नाहीत. “गोळ्या द्या. आणि शेवटी त्रास वाढला तर घरी येऊन झोपवायला कोण येईल, त्याचेही पैसे आत्ताच सांगा,” म्हणाल्या. मॅडमनी कागद उलटून मागे तो आकडाही लिहिला.

मदतनीसाने त्याखाली स्वतःचा फोन नंबर लिहून दिला. बाई चौथ्या मजल्यावर राहतात आणि इमारतीला लिफ्ट नाही, हे त्याने विचारून घेतलं होतं.