उलटी वाहणारी नदी

‘उलटी वाहणारी नदी गरीब (२).’

हे वाक्य वाचून आपण क्षणभर थबकला असाल. नदी गरीब कशी असेल आणि ती उलटी वाहील तरी कशी? आता ‘नदी’ हा शब्द कागदावर लिहा आणि त्याची अक्षरे शेवटाकडून वाचा. ‘दीन’ हा शब्द हाती येतो, आणि दीन म्हणजे गरीब. कंसातील आकडा उत्तराची अक्षरसंख्या सांगतो. अशा सूत्रांवर रचलेल्या शब्दकोड्यास इंग्रजीत ‘क्रिप्टिक क्रॉसवर्ड’ म्हणतात. आपण त्यास कूटकोडे म्हणू.

छापील शब्दकोडे प्रथम अवतरले ते २१ डिसेंबर १९१३ रोजी, ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात. आर्थर विन यांनी रचलेल्या त्या कोड्यात सरळ अर्थ देऊन शब्द विचारलेले होते. त्याला कूटाचे वळण मिळाले इंग्लंडमध्ये. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉइस मॅदर्स हे कवी ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने अशी कोडी रचू लागले. त्यांच्यानंतर ‘झिमेनेस’ या नावाने लिहिणाऱ्या डेरिक मॅकनट यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात या खेळाची न्याय्य शिस्त सांगितली: सूत्रात उत्तराचा नेमका अर्थ असावा, तेथवर नेणारी शब्दांची कसरत असावी आणि याखेरीज काहीही नसावे. आपल्या देशात चेन्नईच्या ‘द हिंदू’ने १९७१ पासून हा खेळ घरोघरी नेला. तरीही ही वृत्ती आपल्याला परकी नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार नोंदविले आहेत आणि मोरोपंतांचा अक्षरविलास तर मराठी वाचकाच्या परिचयाचाच आहे.

सूत्र सोडविताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, सूत्रातील गोष्टीवर विश्वास ठेवू नये. ती केवळ पडदा असते. दुसरी, उत्तराचा अर्थ बहुधा सूत्राच्या आरंभी किंवा शेवटी असतो. तिसरी, उरलेल्या भागात एखादा खुणेचा शब्द शोधावा. ‘उलटी’, ‘फिरला’, ‘माघारी’ असे शब्द अक्षरे उलट वाचण्यास सांगतात. ‘विस्कटलेले’, ‘बिथरलेले’ हे त्यांची सरमिसळ सुचवितात. ‘पोटात’, ‘मध्ये’, ‘दडलेले’ असे शब्द दिसले, की उत्तर शब्दांच्या आत लपलेले असते.

उदाहरणे पाहू. ‘आजी, वनस्पतींमध्ये दडलेले आयुष्य (३).’ अर्थ शेवटी आहे: आयुष्य. ‘दडलेले’ ही खूण. मग ‘आजी वनस्पतीं’ ही अक्षरे सलग वाचा. ‘आ’ सोडून पुढची तीन अक्षरे घेतली, की ‘जीवन’ सापडते. ‘विस्कटलेले कमल झाले लेखणी (३)’: क, म, ल यांची जागा बदलली, की ‘कलम’. ‘सोबत मोटार आली, की मिळून काम (४)’: सोबत म्हणजे ‘सह’, मोटार म्हणजे ‘कार’; दोन्ही जोडून ‘सहकार’. आणि ‘सरकार घेते तो हात (२)’ यात कसरत नाही, श्लेष आहे. सरकार घेते तो कर आणि हात म्हणजेही कर.

आता वैद्यकाचा भाग. या खेळात मेंदू नेमके काय करतो? तो साठवणीतून शब्द हुडकतो, अक्षरे क्षणभर मनात धरून त्यांची मांडणी बदलतो, आणि सर्वांत कठीण म्हणजे, सहज सुचलेला पहिला अर्थ बाजूला सारून दुसरा शोधतो. वय वाढते तशी विचारांची गती मंदावते, परंतु शब्दसंपत्ती उतारवयातही दीर्घकाळ टिकून राहते. म्हणूनच घाई नसलेल्या या खेळात सत्तरीच्या आजी नातवाला मागे टाकू शकतात.

यामुळे स्मृतिभ्रंश टळतो का, हा प्रश्न मला दवाखान्यात वारंवार विचारला जातो. प्रामाणिक उत्तर असे, की तशी खात्री कोणीही देऊ शकत नाही. अमेरिकेतील एका अभ्यासात स्मरणशक्ती किंचित मंदावलेल्या १०७ व्यक्तींना संगणकावर शब्दकोडी किंवा मेंदूचे अन्य खेळ देण्यात आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ७८ आठवड्यांनंतर शब्दकोडी सोडविणाऱ्यांची स्थिती अधिक चांगली होती. मात्र काहीच न करणारा तिसरा गट त्यात नव्हता आणि ती कोडी कूटही नव्हती. उलट स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे १९३६ साली जन्मलेल्या सुमारे पाचशे व्यक्तींच्या अभ्यासात (२०१८) असे आढळले, की बौद्धिक छंदांनी उताराचा वेग कमी झाला नाही. मात्र असे छंद जोपासणाऱ्यांचा उतार अधिक उंच पायरीवरून सुरू झाला. तेव्हा कोडे हे औषध नव्हे. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे, कमी ऐकू येत असल्यास श्रवणयंत्र वापरणे, रोज चालणे आणि माणसांत मिसळणे, यांची जागा कोणतेही कोडे घेऊ शकत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट काळजीवाहकांसाठी. कोडे ही परीक्षा नव्हे. ‘बाबा, एवढे साधे आठवत नाही?’ हे वाक्य घरात एकदा उच्चारले गेले, की वृद्ध माणूस कोडेच नव्हे, बोलणेही टाळू लागतो. उत्तर अडले तर पहिले अक्षर सांगा, आपलेही अडले आहे हे मोकळेपणी बोला, आणि कधी वडिलांनाच सूत्र रचू द्या. ठसठशीत अक्षरे व पुरेसा उजेड असावा. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. स्मृतिभ्रंशाचे निदान झालेले असेल, तर कूटाचा हट्ट सोडून अर्धी म्हण पूर्ण करणे किंवा जुने उखाणे आठवणे पुरे. तेथे आनंद हेच उद्दिष्ट.

कूटसूत्र न सुटणे हे आजाराचे लक्षण नाही. भल्याभल्यांना ती सुटत नाहीत. परंतु वर्षानुवर्षे कोडी लीलया सोडविणाऱ्या व्यक्तीस काही महिन्यांत ती जमेनाशी झाली, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होऊ लागले, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जाऊ लागला किंवा पैशांचे व्यवहार गोंधळू लागले, तर डॉक्टरांना भेटावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य किंवा काही औषधे यांमुळेही असे घडते आणि त्यावर उपचार आहेत. बोलताना अचानक शब्द सुचेनासे झाले, तोंड वाकडे झाले वा हातातील बळ गेले, तर मात्र क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. तो पक्षाघात असू शकतो, आणि मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

शेवटी एका कोडेकाराविषयी. ‘गार्डियन’मध्ये ‘अरौकारिया’ या नावाने अनेक दशके कूटकोडी रचणारे धर्मोपदेशक जॉन ग्रॅहॅम यांना एक्याण्णवाव्या वर्षी कर्करोग झाला. जानेवारी २०१३ मधील आपल्या कोड्यातूनच त्यांनी ही वार्ता वाचकांना दिली. कोड्यावरील टिपेत केवळ सूत्रांचे क्रमांक होते. ती सोडविणाऱ्याच्या हाती ‘कर्करोग’, ‘अन्ननलिका’ आणि ‘परिहार सेवा’ या अर्थांचे इंग्रजी शब्द येत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते निवर्तले.

आपल्याकडे अनेक घरांत निदान रुग्णापासूनच लपविले जाते. ‘त्यांना सांगू नका, त्यांना झेपणार नाही,’ असे मुले मला दाराआड सांगतात. वृद्ध माणसाला मात्र घरातल्यांच्या चेहऱ्यांवरून पुष्कळसे उमगलेले असते, आणि एवढे मोठे कोडे तो एकटाच सोडवीत बसतो. ग्रॅहॅम यांनी आपला आजार स्वतःच्या शब्दांत, स्वतःला आवडेल त्या रीतीने सांगितला. आपल्या वडीलधाऱ्यांनाही हा अधिकार आहे. त्यांना किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी त्यांनाच विचारा. रोज अर्धा तास कोड्यावर एकत्र डोके खाजविणाऱ्या घरात हा प्रश्न विचारणे थोडे सोपे जाते.

आता आपल्यासाठी तीन सूत्रे: १. बिथरलेली मगर तापलेली (३). २. आरंभीच कात्री लागलेला पगार थंड (२). ३. वाचावे, वाढावे किंवा चघळावे (२).

उत्तरे: १. गरम. २. गार. ३. पान.