अंदमानची सहल : दोघांची आणि कर्जाशिवाय

आपल्या माणसांनी प्रवास केला नाही असे कुणी म्हणू नये. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरची दीक्षाभूमी. भाकरी-चटणीचे गाठोडे बांधून, लेकरे काखेत घेऊन, प्रसंगी फलाटावर अंग टाकून आपण हा प्रवास करत आलो आहोत. पण तो सगळ्यांबरोबरचा प्रवास. नवरा-बायको दोघांनीच, फक्त फिरायला, घराबाहेर पडायचे म्हटले की आपल्याकडे आधी हसू येते आणि मग पैशांचा प्रश्न येतो.

येरवड्यात आमच्या गल्लीत राहणाऱ्या काका-काकूंनी हे दोन्ही पार केले. काका साफसफाईच्या नोकरीतून निवृत्त झालेले. काकू आजही दोन घरी पोळी-भाजीला जातात. मुलीचे लग्न झाले, मुलगा कामाला लागला. आपले नाव छापायचे नाही, पण हिशेबाची वही बघायला हरकत नाही, असे काकूंनी सांगितले. तीच वही आज वाचकांसमोर ठेवत आहे.

सुरुवात काकूंच्या गुडघ्यापासून झाली. डॉक्टरांनी सांगितले की अजून चालता आहात तोवर चाला, पुढचे पुढे बघू. त्या रात्री काकू म्हणाल्या, "अहो, समुद्र मी दादरला पुष्कळदा पाहिला. पण रांगेत उभं राहून, एका हातानं लेकराला धरून. निवांत बसून एकदाही नाही पाहिला." काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानांची वही आणली.

घरात बातमी फुटली तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, "आता म्हातारपणी हनिमून का?" मुलाने मात्र उलट टोक गाठले. "आत्ताच जा. पैसे हप्त्यानं भरता येतात, मी कर्ज काढतो." काकांनी त्याला जवळ बसवून विचारले, "आम्ही नऊ दिवस फिरणार आणि तू दोन वर्षं हप्ते भरणार. ते फिरणं आम्हाला गोड लागेल का?" तिथे पहिला नियम ठरला. आधी साठवायचे, मग जायचे. सहलीसाठी कर्ज नाही, उसनवारी नाही, दागिना गहाण नाही.

बेट कोणते?

काकूंच्या मनात श्रीलंका होती. अनुराधापूरचा बोधिवृक्ष डोळ्यांनी बघावा ही त्यांची जुनी इच्छा. पण दोघांकडे पासपोर्ट नव्हता. साध्या पासपोर्टचे शुल्कच माणशी १,५०० रुपये, शिवाय परदेशाचा खर्च. ते पुढे ढकलले. लक्षद्वीप आपल्याच देशात असले तरी तिथे जायला आपल्यालाही आधी परवाना काढावा लागतो.

सगळ्यात स्वस्त होते मालवण. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, भोवती खारा समुद्र. एस.टी.ने मालवण गाठायचे, गावात मुक्काम करायचा आणि होडीने किल्ला पाहून यायचे. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे. ज्यांचा हात फार आखडलेला आहे त्यांनी खुशाल मालवण धरावे, तेही बेटच आहे. फक्त पावसाळ्यात किल्ल्यावर होड्या जात नाहीत हे ध्यानात ठेवावे.

काका-काकूंनी धरले अंदमान. पासपोर्ट नको, व्हिसा नको. मुख्य गावी आणि पर्यटकांच्या बेटांवर भारतीय माणसाला वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरते. शिवाय तिथे सगळीकडे हिंदी चालते, त्यामुळे काकूंना भाव करता येणार होता.

वहीतला हिशेब

वहीच्या पहिल्या पानावर काकांनी लिहिले : ५०,००० रुपये, याच्या वर एक पैसा नाही. दरमहा २,५०० प्रमाणे २० महिने. बँकेत आर.डी. उघडली. महिन्याचे २,५०० म्हणजे रोजचे साधारण ८४ रुपये. काकांनी तंबाखू आणि बाहेरचा चहा बंद केला, काकूंनी एका घरचे काम संध्याकाळचेही धरले. भिशीत पैसे घालावेत असा सल्ला कुणीतरी दिला होता. पण भिशीचे पैसे हातात आले की घरात दहा वाटा फुटतात, म्हणून काकूंनी नको म्हटले.

५०,००० ची विभागणी अशी होती :

पुणे-चेन्नई रेल्वे आणि चेन्नईहून पुढचे विमान, दोघांचे जाणे-येणे – २६,०००
सहा रात्रींच्या खोल्या, १,२०० प्रमाणे – ७,२००
नऊ दिवसांचे खाणे-पिणे, रोज ६०० प्रमाणे – ५,४००
बोटी, बस, रिक्षा – ४,०००
प्रवेश तिकिटे व किरकोळ – १,४००
अडीअडचणीसाठी राखीव – ६,०००

हे आकडे म्हणजे बाजारभाव नव्हेत. ही काका-काकूंनी स्वतःला घालून घेतलेली मर्यादा. विमानाचे भाडे रोज बदलते, म्हणून आपला हिशेब त्या दिवसाचे भाव विचारूनच करावा. पण राखीवचा रकाना कुणीही गाळू नये. त्याचे कारण पुढे येईल.

जायचे कसे?

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम या बंदरांतून अंदमानला प्रवासी जहाज जाते. त्यातला बंक वर्ग स्वस्त असतो. पण महिन्याला मोजक्याच फेऱ्या असतात आणि समुद्रावर अडीच-तीन दिवस जातात. काकूंना एस.टी.च्या घाटातही मळमळते, तेव्हा जहाज रद्द झाले. पुण्याहून चेन्नईपर्यंत रेल्वेचा स्लीपर डबा आणि तिथून विमान असे ठरले. पुण्यापासूनच विमान धरले असते तर खर्च वाढला असता.

रेल्वेबाबत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, पूर्वीसारखे चार महिने आधी नाही. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, म्हणून हिशेबात पूर्ण भाडे धरावे. आणि ४५ वर्षांवरील महिलांना खालचा बर्थ देण्याची सोय आहे, म्हणून अर्जात वय बरोबर लिहावे. गुडघे दुखणाऱ्या बाईला वरच्या बर्थवर चढवणे म्हणजे सहलीची सुरुवातच वाईट.

गाडी पोचण्याच्या दिवशीच विमान ठेवू नये. गाडी चार तास उशिरा आली तर विमान थांबत नाही. काका-काकूंनी चेन्नईत एक रात्र मुक्काम केला आणि सकाळी सेंट्रल स्टेशनवरून मेट्रोने विमानतळ गाठला. टॅक्सीचे पैसे वाचले.

केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांनी आपल्या कार्यालयात एल.टी.सी.ची चौकशी जरूर करावी. अंदमानला विमानाने जाण्याची खास सवलत त्यांना मुदतीमुदतीने दिली गेली आहे. हक्काची असेल ती सवलत सोडू नये.

तिथे काय पाहिले?

राजधानीचे गाव म्हणजे पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्याचे नाव श्री विजयपुरम केले. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉक बेटाचे स्वराज द्वीप आणि नील बेटाचे शहीद द्वीप झाले. बोटीच्या तिकिटावर एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरे असते, म्हणून दोन्ही माहीत असावीत.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८५८ मध्ये इथे कैद्यांची वसाहत सुरू केली. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळातले. सात पाकळ्यांसारख्या सात इमारती होत्या, आज तीन उभ्या आहेत. एकेका कोठडीत एकेक माणूस, शेजारच्याचे तोंड दिसू नये अशी रचना. काकू एका कोठडीत मिनिटभर उभ्या राहिल्या आणि बाहेर येऊन पाणी प्यायल्या.

वेगवेगळ्या प्रांतांच्या, जातींच्या आणि धर्मांच्या कैद्यांनी इथे आपसांत लग्ने करून संसार थाटले. त्यांच्या वंशजांना तिथे 'लोकल बॉर्न' म्हणतात. जातीची बंधने त्यांच्यात पुष्कळ सैल झाली. खोलीच्या मालकीणबाईंनी काकूंना नाव, गाव आणि गुडघ्याला काय लावता एवढेच विचारले. ही गोष्ट काकूंनी मला तीन वेळा सांगितली.

गावाबाहेर एकच बेट करायचे, असे त्यांनी आधीच ठरवले होते. प्रत्येक बेट वाढले की बोटीचे तिकीट, रिक्षा आणि हमाली वाढते. त्यांनी लहानसे नील निवडले. सरकारी बोटीला दोन-अडीच तास लागतात. खासगी बोटी लवकर पोचवतात, पण भाडे बरेच जास्त. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी इथे शेती वसवली. भाजीपाला चांगला पिकतो, त्यामुळे जेवण साधे आणि ताजे मिळते. इथे फार फिरावे लागत नाही. भरतपूर आणि लक्ष्मणपूरचे किनारे जवळच आहेत.

एक गोष्ट ठाऊक असावी. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला असूनही घड्याळ आपलेच आहे. म्हणून पहाटे पाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी साडेपाचच्या आतबाहेर सूर्य बुडतो. लवकर उठणाऱ्या माणसांचा तिथे फायदा. कोरडे दिवस साधारण जानेवारी ते एप्रिल. मे महिन्यापासून पाऊस येतो. काही किनाऱ्यांवर मगरींचा धोका असतो, तेव्हा पाटी वाचल्याशिवाय पाण्यात उतरू नये. शंख आणि प्रवाळ उचलून आणू नयेत.

जिथे गेले नाहीत

बाराटांग नावाच्या ठिकाणी चुन्याच्या गुहा आहेत. रस्त्याने जाताना जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जावे लागते. त्यांचे फोटो काढणे, त्यांना खायला देणे हा गुन्हा आहे. तरीही 'जारवा दिसतील का' म्हणून गाडीच्या काचेला नाक लावणारे पर्यटक असतात. रिक्षावाल्याने विचारले तेव्हा काका म्हणाले, "आमच्या आजोबांना गावकुसाबाहेर ठेवून लोक लांबून बघायचे. आम्ही कुणाला बघायला जाणार नाही." माणूस ही बघायची वस्तू नव्हे, हे आपल्याला कुणी वेगळे शिकवायला नको. तो दिवस दोघांनी नारळाच्या झाडाखाली काढला आणि जाण्यायेण्याचे भाडेही वाचले.

राखीव पैसे का हवेत?

नीलहून परतायच्या दिवशी समुद्र खवळला आणि बोट रद्द झाली. बेटावर आणखी एक रात्र काढावी लागली. तिकडे गावातल्या खोलीचे एका रात्रीचे आगाऊ दिलेले पैसे बुडाले. पण परतीच्या विमानाआधी दोन रात्री गावातच ठेवल्या होत्या, म्हणून विमान चुकले नाही. खर्च राखीव पैशांतून झाला आणि कुणापुढे हात पसरावा लागला नाही. तेव्हा बेटावरून थेट विमानाला असा बेत कधीच आखू नये. लहान बेटांवर एटीएमचा भरवसा धरू नये, थोडी रोकड जवळ ठेवावी. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून पुण्याहूनच न्यावी. आणि फोनवर गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसाला खोलीसाठी आगाऊ पैसे पाठवू नयेत.

सगळे मिळून खर्च झाला ४६,३०० रुपये. ३,७०० उरले.

नणंदबाई परवा आल्या होत्या. काकूंनी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी बराच वेळ पाने चाळली आणि हळूच विचारले, "वहिनी, आर.डी. कुठल्या बँकेत काढली होती?"

भगिनींनो आणि बंधूंनो, लेकरांच्या शिक्षणाचा पैसा, औषधाचा पैसा, घरभाड्याचा पैसा सहलीला लावू नका. पण ते सगळे भागवून रोजचे वीस-तीस रुपये बाजूला पडत असतील, तर ती उधळपट्टी नव्हे. जन्मभर इतरांची घरे झाडली, इतरांच्या पोळ्या लाटल्या, त्या हातांना आठ दिवस विसावा हवाच. अंदमान नसेल तर मालवण, मालवण नसेल तर जवळचा एखादा किनारा. वही मात्र आजच उघडा, आणि पहिल्या पानावर दोघांचीही नावे लिहा.