लॉगिन चेकची ओळ कितवी? एक्सप्रेसमधलं मिडलवेअर आणि राउटिंग

आजचा एपिसोड कोडबद्दल आहे, पण लोकलमध्ये लटकत ऐकत असाल तरी चालेल, समोर लॅपटॉप नको. विषय आहे एक्सप्रेस, म्हणजे नोड-जेएसवर सर्व्हर लिहायची लायब्ररी. टीजे होलोवायचुक यांनी ती 2010 मध्ये आणली. रूबी भाषेत सिनात्रा नावाचं एक छोटंसं फ्रेमवर्क आहे, त्यावरून कल्पना घेतलेली. इतिहास एवढाच पुरे.

हा विषय काढायचं कारण एका श्रोत्याचा मेसेज. हा मुलगा कॉलेजात आहे आणि ओळखीच्या एका अभ्यासिकेसाठी ॲप बनवतोय. कोणती खुर्ची रिकामी, कुणाची फी बाकी, कोण किती वाजता आलं-गेलं, असं सगळं त्यात आहे. त्याने लिहिलं होतं, "ताई, लॉगिन चेक लिहिलाय, वेगळा तपासूनही पाहिलाय. तरी लॉगिन न करता यादी उघडतेच." आता ही यादी म्हणजे नावं, मोबाईल नंबर आणि जाण्या-येण्याच्या वेळा. रात्री अकराला एकटी बाहेर पडणारी मुलगी कोण आणि तिचा नंबर काय, हे लिंक हातात असलेल्या कुणालाही दिसत होतं. म्हणून मी त्याला आधी सर्व्हर बंद करायला सांगितलं, मग कोड मागवला.

चेकचं फंक्शन अगदी व्यवस्थित होतं. फक्त ते फाईलमध्ये यादीच्या राउटच्या खाली होतं.

आता हे असं का होतं, ते बघू. ब्राउझर किंवा ॲप सर्व्हरला जे मागतं ती रिक्वेस्ट. तिच्यात मेथड असते, म्हणजे गेट, पोस्ट वगैरे. पाथ असतो, हेडर्स असतात, कधी बॉडी असते. ही रिक्वेस्ट एक्सप्रेसमध्ये कशी फिरते, त्यासाठी सरकारी ऑफिसातली फाईल डोळ्यांपुढे आणा. तुम्ही दाखल्यासाठी अर्ज दिलात. पहिल्या टेबलावर आवक-जावक रजिस्टरमध्ये नोंद होते. दुसऱ्या टेबलावर कागदपत्रं तपासतात. तिसऱ्यावर कुणी शेरा मारतं. शेवटी साहेबांची सही होते आणि दाखला हातात पडतो. यातलं प्रत्येक टेबल म्हणजे एक मिडलवेअर आणि सहीचं टेबल म्हणजे तुमचा राउट हँडलर.

मिडलवेअर म्हणजे साधं फंक्शनच. त्याला तीन गोष्टी मिळतात: रिक्वेस्ट, रिस्पॉन्स आणि नेक्स्ट. टेबलावरच्या माणसापुढे दोनच सरळ मार्ग असतात. एक तर फाईलवर शेरा मारून ती पुढे सरकवायची, म्हणजे नेक्स्टला कॉल करायचा. नाहीतर त्रुटी काढून तिथूनच परत पाठवायची, म्हणजे रिस्पॉन्स द्यायचा. दोन्ही केलं नाही तर? फाईल टेबलावर पडून राहते. ब्राउझरमध्ये ते चक्र गरागरा फिरत बसतं, सर्व्हरच्या लॉगमध्ये एरर नाही, काही नाही. असं दिसलं की आधी विसरलेला नेक्स्ट शोधा. आणि दोन्ही केलं, म्हणजे 401 पाठवून वर नेक्स्टही म्हटलं, तर खालचा हँडलरही उत्तर द्यायला जातो आणि 'कॅनॉट सेट हेडर्स आफ्टर दे आर सेंट' हा प्रसिद्ध एरर येतो. म्हणून उत्तर पाठवताना त्याच ओळीत रिटर्न लिहायची सवय लावून घ्या.

आता ही टेबलं कोणत्या क्रमाने लागतात? कुठेही वेगळी सेटिंग नाही. ॲप डॉट यूज, ॲप डॉट गेट, ॲप डॉट पोस्ट हे ज्या क्रमाने चालतात त्याच क्रमाने एक्सप्रेस एक यादी बनवतं. रिक्वेस्ट आली की त्या यादीवरून वरून खाली जातं. पाथ जुळला तर ते फंक्शन चालवायचं, नाही जुळला तर पुढचं बघायचं. बस्स. अभ्यासिकेच्या ॲपमध्ये यादीचा राउट वर होता. पाथ जुळला, उत्तर गेलं, राउटने नेक्स्ट म्हटलं नाही. खाली बसलेल्या तपासनीसापर्यंत फाईल पोचलीच नाही. त्यामुळेच फंक्शन वेगळं तपासलं की पास होत होतं. ते बरोबरच होतं, त्याला कुणी हाकच मारत नव्हतं.

क्रमाची ही गंमत इतर ठिकाणीही दिसते. जेसन बॉडी वाचणारं मिडलवेअर राउटच्या खाली ठेवलं तर राउटमध्ये रिक्वेस्टची बॉडी अनडिफाइन्ड येते. कोर्सचंही तसंच. फ्रंटएंड वेगळ्या डोमेनवर असेल तर ब्राउझर खऱ्या रिक्वेस्टच्या आधी ऑप्शन्स मेथडने एक विचारणा करतो आणि त्या विचारणेसोबत टोकन नसतं. लॉगिन चेक कोर्सच्या वर असेल तर तो तिलाच 401 देऊन परत पाठवतो आणि ब्राउझर खरी रिक्वेस्ट पाठवतच नाही. म्हणून आधी कोर्स, मग लॉगिन.

सगळ्यात जास्त काळजी मला स्टॅटिक फोल्डरची वाटते. ट्यूटोरियलमध्ये एक्सप्रेस डॉट स्टॅटिकची ओळ बहुतेक वेळा सगळ्यात वर असते. सीएसएस आणि लोगोसाठी ठीकच आहे. पण नंतर फोटो अपलोडची सोय येते आणि मुलं अपलोडही त्याच पब्लिक फोल्डरमध्ये टाकतात. मग आधार कार्डाचा फोटो लोगोसारखाच उघडा पडतो. फाईलचं नाव कळलं की झालं. अपलोड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि लॉगिन तपासणाऱ्या राउटमधूनच द्या.

आता राउटिंग. ॲप डॉट गेटला पाथ पूर्ण जुळावा लागतो, ॲप डॉट यूजला सुरुवात जुळली तरी पुरते. म्हणजे यूजमध्ये /ॲडमिन दिलं की /ॲडमिन/फी आणि /ॲडमिन/यादी दोन्ही त्याखाली येतात. /ॲडमिनिस्ट्रेटर मात्र येत नाही, कारण स्लॅशपर्यंतचा अख्खा तुकडा जुळावा लागतो. पाथमध्ये कोलन लावलं की ती बदलती जागा होते: /खुर्ची/:नंबर. हा राउट वर आणि /खुर्ची/रिकामी खाली लिहिलंत तर 'रिकामी' हाच खुर्चीचा नंबर समजून पहिला राउट चालतो. नेमके पाथ वर, कोलनवाले खाली.

इथे एक खाचखळगा आहे, ज्याबद्दल मराठीत तर सोडाच, इंग्रजी व्हिडिओंमध्येही मी फारसं ऐकलेलं नाही. बरेच जण लॉगिन चेक सगळ्यांत वर ठेवतात आणि आत इफ लिहितात, की पाथ बरोबर /ॲडमिन/यादी असेल तरच टोकन तपास. क्रम बरोबर, तरी दार उघडंच. कारण एक्सप्रेसचा राउटर मुळात इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही आणि शेवटी जादा स्लॅश असला तरी चालवून घेतो. तुमचा इफ मात्र अक्षर न् अक्षर ताडून बघतो. कुणी पाथमधलं एक अक्षर कॅपिटल केलं किंवा शेवटी स्लॅश टाकला की इफ म्हणतो, 'हा तो पाथ नव्हे, जाऊ दे', आणि राउटर म्हणतो, 'हाच तो पाथ, या बसा.' त्यामुळे पाथ स्वतः ताडायच्या भानगडीत पडू नका, ते काम राउटरवर सोपवा.

ते कसं? एक्सप्रेस डॉट राउटर वापरून वेगळा राउटर बनवा. ऑफिसात एखाद्या विभागाला स्वतंत्र खोली असते ना, तसा. त्या खोलीच्या दारात, म्हणजे राउटरच्या पहिल्या ओळीत, लॉगिन चेक यूज करा. त्याखाली ॲडमिनचे सगळे राउट. मग मुख्य ॲपमध्ये हा राउटर /ॲडमिनवर जोडा. सहा महिन्यांनी कुणी नवा राउट घातला तरी तो दाराच्या आतच येतो. एक लक्षात ठेवा, खोलीच्या आत पाथमधला /ॲडमिन गळून पडतो, तिथे फक्त /यादी दिसतं. लॉगमध्ये पूर्ण पत्ता हवा असेल तर ओरिजिनल-यूआरएल वापरा.

शेवटची दोन टेबलं. कुठलाच राउट जुळला नाही तर 404, त्यासाठी सगळ्या राउटच्या खाली एक बिनपाथचं मिडलवेअर. त्याच्याही खाली एरर हँडलर. याला तीन नाही, चार गोष्टी लागतात: एरर, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, नेक्स्ट. एक्सप्रेस चक्क त्या मोजतं! एडिटर म्हणतो नेक्स्ट वापरलेलं नाही, म्हणून तुम्ही ते काढून टाकलंत, की तो एरर हँडलर राहतच नाही.

आणि व्हर्जन बघा. एक्सप्रेस 4 मध्ये असिंक फंक्शनच्या आतला एरर आपोआप हँडलरकडे जात नाही, स्वतः पकडून नेक्स्टला द्यावा लागतो. नोड 15 पासून असा न पकडलेला एरर मुळात अख्खा सर्व्हरच बंद पाडतो, म्हणजे एका मुलाची क्वेरी फसली आणि सगळ्यांचं ॲप बंद. 2024 मध्ये आलेल्या एक्सप्रेस 5 मध्ये तो आपोआप हँडलरकडे जातो. नवा प्रोजेक्ट असेल तर माझ्या मते 5 च घ्या.

आज रात्री दहा मिनिटं काढा. आपल्या ॲपचे सगळे पाथ एका कागदावर उतरवा आणि टोकन न लावता एकेक मारून बघा. एकदा कॅपिटल अक्षराने, एकदा शेवटी स्लॅश लावून. जिथे 401 यायला हवा तिथे 200 आला, तर फंक्शन उघडण्याआधी ती ओळ फाईलमध्ये कितवी आहे ते बघा. पुढच्या भागात टोकन कुठे ठेवायचं, कुकीत की लोकल स्टोरेजमध्ये, यावर बोलू. भेटूया!