कॅलेंडुला म्हणजे आपला झेंडू नव्हे

दसरा झाला की अंबरनाथ-बदलापूरकडचे रुग्ण मला हमखास विचारतात, "डॉक्टर, तोरणातला झेंडू वाटून जखमेवर लावला तर चालेल का?" मी नको म्हणतो. मलमातला कॅलेंडुला भूमध्य समुद्राकडचा. आपला झेंडू मूळचा मेक्सिकोचा, वेगळी वनस्पती. शिवाय तोरणाच्या फुलांवर धूळ व फवारणीची औषधे असतात.

कॅलेंडुला दाह कमी करतो. २००४ साली फ्रान्समध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या २५४ रुग्णांवरील चाचणीत, किरणोपचारामुळे होणारा त्वचादाह या मलमाने दुसऱ्या मलमापेक्षा कमी राहिला.

किरकोळ खरचटल्यास साबण-पाण्याने धुऊन मलम लावावे. शेवंतीची अ‍ॅलर्जी असल्यास टाळावे. खोल जखम, पू किंवा मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारावे.