जुन्या माळेतला होन मोडीत काढण्याआधी…

सोन्याचा भाव चढला की कपाटातले जुने दागिने बाहेर निघतात आणि मोडीसाठी सराफाकडे जातात. सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या घरच्या माळेत आजही जुने सोन्याचे नाणे ओवलेले असू शकते. ते मुशीत गेले, की उरते फक्त सोने. संग्राहक मात्र त्याच नाण्याला वजनाच्या कैक पट मोल देतात.

कोणती नाणी आढळू शकतात?

सोलापूरचा मुलूख यादव, बहमनी, आदिलशाही अशा अनेक सत्तांखाली होता. देवगिरीच्या यादवांचा पद्मटंक मधल्या कमळावरून ओळखता येतो. बहमनी टंका सुमारे ११ ग्रॅमचा, त्यावर अरबी अक्षरे. विजयनगरचा होन जेमतेम साडेतीन ग्रॅमचा, त्यावर देवतांच्या आकृती. पुतळीहारातली 'पुतळी' मुळात व्हेनिसच्या डुकाट नाण्याची. त्यावरच्या माणसांच्या आकृतीवरून तिला हे नाव पडले.

सर्वांत मानाचा शिवराई होन. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या निमित्ताने छत्रपती शिवाजी महाराजांनी तो पाडला. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास.

इतकी दुर्मीळ का?

तांब्याची शिवराई पेशवाईतही चालत राहिली. सोन्याचा होन मात्र आटवला गेला, दागिन्यात गेला. अमेरिकेतही तेच घडले. तिथे १७९५ पासून सोन्याची नाणी पाडली जाऊ लागली. १८३४ च्या कायद्याने नव्या नाण्यातले सोने कमी केले. जुन्या नाण्यातले सोने दर्शनी किमतीहून महाग ठरले आणि ती वितळली. जी वाचली, त्यांच्यासाठी आज लिलावात चढाओढ असते.

खरे की नकली?

दुर्मीळ म्हणूनच शिवराई होनाच्या नकला फार. जुनी नाणी हाताने ठोकून पाडलेली. त्यामुळे ठसा अनेकदा बाजूला सरकलेला असतो. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक छिद्रे किंवा कडेला जोड दिसतो. वजनातही फरक पडतो. पण घरबसल्या निकाल लावू नका, जाणकाराला दाखवा. रिठा, चिंच, पॉलिश काहीही लावू नका. घासलेल्या नाण्याचे मोल घटते. कडी डाकलेली असेल तर तीही काढू नका.

शेतात सापडले तर?

१८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत दडलेले १० रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही; शिवाय हिस्साही जातो. कळवले आणि धन बेवारस ठरले, तर सापडवणाऱ्याचा हक्क लागतो. जागा दुसऱ्याची असेल आणि वेगळा करार नसेल, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागामालकाला एक चतुर्थांश. शासनाने धन ठेवून घेतले, तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश मिळतो.

विकायचे असेल तर?

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. म्हणून व्यवहार परवानाधारकाकडेच करावा आणि पावती घ्यावी.

त्याआधी नाण्याचे वजन करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि ते घरात कोणाकडून आले हे लिहून ठेवा. ते सांगणारी आजी आहे, तोवर विचारून घ्या.